रेडिओच्या कामासाठी प्रोसेसर कसा जोखायचा: एकच रेकॉर्डिंग, सगळ्या मशिनना

घरात जुना लॅपटॉप, एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आणि नवा पाय ५ पडून आहेत. एसडीआरला (सिग्नलवरचं बहुतेक काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या रेडिओला) यांतलं कोणतं जोडावं, हे नेहमीच्या बेंचमार्कच्या आकड्यांवरून कळत नाही. रेडिओच्या कामात तोच छोटा गुणाकार-बेरजेचा फेरा सेकंदाला कोट्यवधी वेळा फिरतो, आणि प्रोसेसर मागे पडला की सॅम्पल (सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं) गळतात. ते पुन्हा मिळत नाहीत.

थेट डोंगल (यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर रिसीव्हर) जोडून मोजू नका. डोंगल सेकंदाला २४ लाख सॅम्पल देणार म्हणजे तेवढेच देणार, मग तगडं मशिन नुसतं वाट बघत बसतं. एकदा रेकॉर्ड करा, तीच फाइल प्रत्येक मशिनला द्या आणि किती सेकंदांत संपवतं ते बघा. ६० सेकंदांचं रेकॉर्डिंग साडेसात सेकंदांत संपलं, तर गुणक ८, म्हणजे प्रत्यक्षाच्या आठपट वेग.

ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात सोपा सिग्नल आकाशवाणीच्या १००.७ मेगाहर्ट्झचा. सुमारे ७४ सेंटीमीटरची उभी तार खिडकीच्या लोखंडी ग्रिलपासून हातभर बाहेर काढा. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ऑटोवर ठेवू नका, आजूबाजूच्या तगड्या स्टेशनांनी डोंगल गुदमरतो. २० डेसिबलपासून सुरुवात करा. आधी आरटीएल-टेस्ट ही डोंगल तपासणारी कमांड २४ लाखांच्या रेटवर पाच मिनिटं चालवा. बाइट हरवल्याची ओळ आली, तर यूएसबी पोर्ट किंवा केबल बदला. मग आरटीएल-एसडीआर कमांडने १४,४०,००,००० सॅम्पल घ्या. एका सॅम्पलचे दोन बाइट, म्हणून फाइल बरोबर २८,८०,००,००० बाइटची हवी. ती प्रत्येक मशिनवर रॅममधल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाका आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवा. एसडी कार्डावरून वाचलीत, तर मोजमाप कार्डाचं होईल.

आता जीएनयू रेडिओतली साखळी. या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक एकामागे एक जोडून रेडिओ बनवतात. फाइल वाचा, प्रत्येक बाइटमधून १२७.५ वजा करा, १२७.५ ने भागा, जोड्या लावून कॉम्प्लेक्स (दोन भागांच्या) संख्या करा. त्यावर लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा: कटऑफ १०० किलोहर्ट्झ, ट्रान्झिशन २५ किलोहर्ट्झ, हॅमिंग विंडो, डेसिमेशन १० (दहातला एकच सॅम्पल पुढे). याचे २३१ टॅप (गुणायचे आकडे) होतात. दर दहा सॅम्पलमागे एकच उत्तर काढायचं असल्याने रेडिओच्या एका सेकंदाला २,४०,००० × २३१, म्हणजे साडेपाच कोटींवर गुणाकार-बेरजा, त्याही कॉम्प्लेक्स. डेसिमेशन चुकून पुढच्या ब्लॉकवर ढकललंत, तर हाच आकडा दहापट होतो आणि बिचाऱ्या प्रोसेसरला नावं ठेवली जातात. पुढे सिग्नलमधून आवाज काढणारा एफएम डिमॉड्युलेटर, आवाजाचा वाढवलेला तीक्ष्णपणा उतरवणारा ५० मायक्रोसेकंदांचा डी-एम्फसिस (डीफॉल्ट ७५ असतो, तो आपल्याकडे चालत नाही), पुन्हा डेसिमेशन ५ आणि ४८ किलोहर्ट्झचा आवाज. शेवटी नल सिंक (आलेलं सगळं नुसतं टाकून देणारा ब्लॉक) लावा.

थ्रॉटल ब्लॉक (डेटा मुद्दाम ठरावीक वेगाने सोडणारा) काढायला विसरू नका. तो राहिला की पाय असो वा डेस्कटॉप, उत्तर जवळपास ६० सेकंदच येतं. सगळ्यांना सारखे मार्क पडलेले दिसले, की आधी हाच ब्लॉक शोधा. स्क्रीनवर स्पेक्ट्रम दाखवणारे ब्लॉकही काढा.

मोजण्याआधी प्रत्येक मशिनवर सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर न्या, मग जीएनयू रेडिओच्या गणिताच्या लायब्ररीचं व्होल्क-प्रोफाइल एकदा चालवा. गणिताचा कोणता तुकडा (कर्नल) प्रोसेसरच्या कोणत्या खास सूचनांनी, लॅपटॉपवर एव्हीएक्सने किंवा पायवर निऑनने, भरभर चालतो, हे तो तपासून तुमच्या होम फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. सुडो लावून चालवलंत, तर फाइल रूटच्या घरात जाते आणि तुमच्या चाचणीला तिचा पत्ताच नसतो. पहिला रन टाकून द्या. पुढचे पाच रन घेऊन मधला आकडा धरा. पायथन सुरू होण्याचा वेळ वगळा, नाहीतर वेगवान मशिनवर अन्याय होतो. जीएनयू रेडिओ प्रत्येक ब्लॉकला वेगळा थ्रेड देतो, त्यामुळे एका कोअरचा दम बघायचा तर टास्कसेट कमांडने सगळं एकाच कोअरवर बांधा. मग बंधन काढून साखळीच्या दोन, चार, आठ प्रती एकदम चालवा. पाय ४ मध्ये चारही कोअरना मिळून १ एमबी एलटू कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) आहे. पाय ५ मध्ये प्रत्येक कोअरला स्वतःची ५१२ केबी आणि वर सामायिक २ एमबी एलथ्री. म्हणून चार प्रतींना चौपट काम होईलच, असं धरून चालू नका.

हे गणित ठरावीक आहे, सिग्नल चांगला असो वा खरखरीत, गुणाकार तितकेच. विमानांचे १०९० मेगाहर्ट्झचे संदेश उलगडणाऱ्या डंप-१०९० या प्रोग्रॅमचं तसं नाही. आकाशात जितकी गर्दी, तितकं काम जास्त. म्हणून त्याचं रेकॉर्डिंग वेगळं घ्या, तेही संध्याकाळी. ठाण्यात येऊरच्या डोंगराआड खालून उडणारी विमानं हरवतात, तेव्हा अँटेना गच्चीवर न्या. डंप-१०९० मध्ये वेग रोखणारा थ्रॉटलचा पर्याय न देता फाइल चालवा. त्याच आवृत्तीला सगळ्या मशिनवर सारखेच संदेश मिळाले पाहिजेत. संख्या वेगळी आली, तर वेळ लिहूच नका.

राहिली उष्णता. साडेसात सेकंदांत कोणीही पळतं. लॅपटॉपचा टर्बो (थोडा वेळ वेग वाढवणारी सोय) तर सुरुवातीलाच सगळा जोर लावतो. तीच फाइल फिरवत दहा मिनिटं चालवा आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटाचा वेग शेजारी लिहा. पाय ४ ८० अंशांवर वेग उतरवायला लागतो. त्याची थ्रॉटल स्थिती (वेग उतरवला का, व्होल्टेज पडलं का, याची नोंद) विचारल्यावर शून्याशिवाय काहीही आलं, तर तो रन बाद. बऱ्याचदा दोष तापमानाचा नसतो, मोबाइलच्या चार्जरवर पाय चालवल्याने व्होल्टेज पडलेलं असतं. खोलीचं तापमानही नोंदवा. ऐरोलीच्या एसी ऑफिसातला आकडा मे महिन्यात कळव्याच्या पत्र्याखाली टिकत नाही. जिथे मशिन ठेवणार तिथेच, दुपारी दोनला, शेवटच्या मिनिटाचा गुणक ३ च्या खाली आला, तर त्या मशिनवर सोबत दुसरा रेडिओ चॅनेल चढवू नका.