जुना फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा ऑनलाइन घेताना

भाव बाजारापेक्षा निम्मा दिसला की आधी शंका घ्या. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, थोडे पैसे टाका, कुरिअरनं पाठवतो" म्हणणाऱ्याला तिथंच रामराम. दसरा चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी भेटा आणि कॅमेरा तपासल्यावरच पैसे द्या.

जाताना आपलं मेमरी कार्ड आणि टॉर्च न्या. कॅमेऱ्याचं खरं वय शटर काउंट, म्हणजे आजवर किती वेळा क्लिक झालंय तो आकडा, सांगतो. निकॉन डी८५०चं शटर २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. दीड लाख झाले असतील तर भाव पाडून मागा. निकॉनच्या बहुतेक मॉडेलांत हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) लहान, म्हणजे एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि झूम करा. काळे ठिपके म्हणजे बहुधा सेन्सरवरची, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची, धूळ. ती साफ होते, ओरखडा मात्र जात नाही.

लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती सहज धरते. "पुसली की जाते हो" यावर जाऊ नका.

बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. बिलच नसेल तर मी तरी घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.