गुंतवणूकदारापुढे जाण्याआधी स्टार्टअपची बौद्धिक संपदा कशी जपावी

गुंतवणूकदार आपली कल्पना चोरेल, ही नवउद्योजकांची नेहमीची भीती असते. प्रत्यक्षात व्यवहार बहुधा वेगळ्याच प्रश्नावर अडतो: हे तंत्रज्ञान कंपनीच्याच मालकीचे आहे, याचा कागद कुठे आहे? समजा, दोघा मित्रांनी नाशिककडच्या द्राक्षबागांसाठी मातीतला ओलावा पाहून ठिबकचे पाणी सोडणारे उपकरण बनवले आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर एका फ्रीलान्सरकडून लिहून घेतले आहे.

त्यांनी सर्वप्रथम मालकी कंपनीच्या नावावर आणावी. नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कंपनीकडे येतो. फ्रीलान्सरच्या कोडचा मात्र पूर्ण पैसे चुकते केले तरी सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. म्हणून त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्यावे आणि त्यातील शब्द नीट तपासावेत, कारण कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. शिवाय मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात तसे नमूद नसल्यास, ते मूळ लेखकाकडे परत जाऊ शकतात. कंपनी स्थापन होण्यापूर्वी संस्थापकांनी जे बनवले तेही याच पद्धतीने कंपनीला द्यावे. एखादा संस्थापक तेव्हा दुसरीकडे नोकरीला असेल, तर त्याचे जुने नेमणूकपत्र काढून वाचावे, कारण त्या कामावर जुन्या कंपनीचा हक्क असू शकतो.

दुसरे काम पेटंटचे, आणि येथे क्रमाला फार महत्त्व आहे. गोपनीयतेची अट न घालता शोध उघड केला, मग तो डेमो डेला (स्टार्टअप आपले उत्पादन गुंतवणूकदारांसमोर दाखवतात त्या कार्यक्रमात) असो वा समाजमाध्यमावरील व्हिडिओत, की पेटंटसाठी लागणारे त्याचे नावीन्य धोक्यात येते. प्रदर्शनांसाठी असलेली सवलत इतकी मर्यादित आहे की तिच्या भरवशावर राहू नये. शोध उघड करण्याआधीच प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज दाखल करावा. स्टार्टअपसाठी त्याचे ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये आहे आणि संपूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचे पूर्ण तपशीलवार वर्णन, देण्यासाठी 12 महिने मिळतात. मात्र त्या अर्जात ज्याचे वर्णन नाही त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही, त्यामुळे घाईत लिहिलेले दोन परिच्छेद पुरत नाहीत. सेन्सर, व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणारी कार्यपद्धती आकृतीसह मांडावी. निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट कायद्याचे कलम 3(के) पेटंट नाकारते, म्हणून भर उपकरणाच्या तांत्रिक परिणामावर हवा. परदेशात आधी अर्ज करायचा असेल, तर भारतातील रहिवाशाला पेटंट कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते.

नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज लवकर करावा. स्टार्टअपला ऑनलाइन अर्जासाठी वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये लागतात. केंद्र सरकारची स्टार्टअप बौद्धिक संपदा संरक्षण योजना लागू असेल, तर तीत सहायकाची, म्हणजे अर्ज तयार करून देणाऱ्या तज्ज्ञाची, फी सरकार देते.

आता प्रत्यक्ष भेट. पहिल्याच बैठकीत गोपनीयता करारावर सही करायला बहुतेक व्हेंचर फंड नकार देतात, आणि त्यावर अडून बसणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. त्याऐवजी माहिती टप्प्याटप्प्याने द्यावी. पिच डेकमध्ये (गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात) पाण्याची बचत आणि शेतकऱ्यांचा प्रतिसाद दाखवावा. मातीच्या प्रकारानुसार सेन्सर जुळवण्याचे तक्ते आणि सोर्स कोड टर्म शीटनंतर (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक मसुदा ठरल्यावर), गोपनीयता करार करून, कोणी काय उघडले याची नोंद ठेवणाऱ्या डेटा रूममध्येच, म्हणजे कागदपत्रांच्या सुरक्षित ऑनलाइन फोल्डरमध्येच, ठेवावेत. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. वाद झाला तर तुम्ही ती माहिती खरोखर गुप्त ठेवली होती का, हे न्यायालय पाहते.

शेवटी गुंतवणूक करारातील हमीचे कलम वाचावे. सर्व बौद्धिक संपदा कंपनीची आहे आणि ती कोणाच्याही हक्काचा भंग करत नाही, अशी हमी त्यात संस्थापकांकडून वैयक्तिकरीत्याही मागितली जाऊ शकते. वापरलेल्या ओपन सोर्स (इतरांनी वापरासाठी खुल्या केलेल्या कोडच्या) घटकांची परवान्यांसह यादी आधीच जोडावी, भंगाबाबतची हमी ‘आमच्या माहितीप्रमाणे’ इतकी मर्यादित करून घ्यावी आणि भरपाईची कमाल रक्कम वकिलाकडून लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.