वाळवंटात फोटो का बिघडतात? निघण्याआधी या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे पाचजण सांगलीहून जैसलमेरला गेलो. वाळवंटासाठी हातात एकच दिवस. सहाशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर निम्म्यांत वाळू राखेसारखी करडी.

मोठी चूक वेळेची. पोरांची अंघोळ-नाश्ता उरकून आम्ही सम, म्हणजे वाळूच्या टेकड्यांचं गाव, गाठलं ते साडेअकराला. भर दुपारी तिथल्या टेकड्या परातीतल्या पिठासारख्या दिसतात, ना उंची कळते ना खोली. वाळूवरच्या लाटा दिसतात त्या सावलीमुळे, आणि सावली पडायला ऊन तिरकं लागतं. म्हणून दुपार कुलधऱ्याच्या ओसाड गावात काढा. जैसलमेरहून ४० किलोमीटरवरच्या समच्या वाटेवरच ते आहे. समला साडेतीनपर्यंत पोचलात तरी चालतं; डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदय टिपायचा असेल तर मात्र सांगलीचं घड्याळ डोक्यातून काढा. तिकडे तो आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा होतो.

गाडी थांबताच पोरं टेकडीवर पळाली आणि दहा मिनिटांत कोऱ्या वाळूचा तालमीतला हौदा झाला. आधी कोऱ्या वाळूचे फोटो, मग पोरांना मोकळं सोडायचं. आईला चालवताना वाऱ्याकडच्या उतारावरून न्या, तिथली वाळू घट्ट असते. पलीकडच्या भुसभुशीत उतारावर आईची चप्पल आत गेली ती गेलीच.



आता करड्या वाळूचं. समोर फार उजेड दिसला की कॅमेरा आपणहून फोटो काळपट करतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, +०.७ ते +१ ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या वाळूवर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह आलं की ते वर सरकवा. सराव घरीच होतो, गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. संध्याकाळचा सोनेरी रंग ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपणहून करतो ती रंगांची जुळणी, धुऊन टाकतो, तिथे ‘डेलाइट’ लावा. मार्केट यार्डातल्या हळदीचे फोटो कधी फिके आले असतील, तर तेही बहुधा याच ‘ऑटो’मुळे.

सगळ्यात महागात पडली ती लेन्स. मी वाऱ्यात, उघड्यावर ती बदलली. वर कहर म्हणजे काचेवर धूळ दिसली म्हणून बायकोच्या ओढणीने पुसली. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण, त्यामुळे पुसलं की चरे पडणारच. आधी काच खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारायची, कापड त्यानंतर. लेन्स बदलायचीच असेल तर गाडीत बसून, काचा वर करून बदला. नाहीतर दिवसभर एकाच झूम लेन्सवर भागवा आणि कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

झूम फिरवताना करकर वाजलं तर तिथेच थांबा. मी ‘मोकळं होईल’ म्हणून फिरवत राहिलो आणि कडं अडकलं. सांगलीत दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली, पांढऱ्या कागदावर हलकी टिचकी मारली आणि पडलेले कण बोटाने चोळून बघितले.

“ही कृष्णेची न्हाई दिसत,” म्हणाला.