ठाणे–तुर्भे रेल्वेमार्गालगत पायवाट आणि सायकलवाट कशी आखावी

ठाण्याहून वाशीकडे जाणारा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. त्याची लांबी जेमतेम १८-१९ किलोमीटर आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे ही स्थानके त्यावर आधीपासून आहेत, आणि दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये त्यांत सामील झाले. या पट्ट्यात रुळांच्या पश्चिमेला बहुतेक गावठाणे आणि सेक्टर वसले आहेत; पूर्वेला ठाणे–बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीचे कारखाने व कार्यालये, आणि मागे पारसिकचा डोंगर आहे. म्हणजे घर रुळांच्या एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, अशी हजारो माणसांची रोजची स्थिती आहे. इथे रुळांच्या कडेने चालण्याची आणि सायकलची वाट आखायची असेल, तर ती या माणसांपासून आखायला घ्यावी असे माझे ठाम मत आहे. एखादा नागरिक गट, प्रभागातील कार्यकर्ते किंवा वास्तुकलेचे विद्यार्थी हे काम हाती घेणार असतील, तर त्यांनी कोणत्या क्रमाने पुढे जावे हे इथे लिहिले आहे.

सुरुवातीला एक फरक समजून घ्यावा लागतो. परदेशांत अशा वाटा बहुधा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर झाल्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६० च्या दशकात अशाच सोडून दिलेल्या मार्गावर तयार झाली, आणि पुढे १९८३ मध्ये तिथल्या कायद्याने, भविष्यात गाडी पुन्हा सुरू करता येईल या अटीवर, असे मार्ग वाटेसाठी राखून ठेवण्याची सोय केली. आपल्याकडचा मार्ग मात्र जिवंत आहे. दर काही मिनिटांनी गाडी धावते, रुळांवर २५,००० व्होल्टची विद्युतवाहिनी आहे, आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे आपण आखणार आहोत ती रुळांवरची वाट नसून कुंपणाबाहेरची, रुळांना समांतर धावणारी वाट आहे. रेल्वेमार्गाचा आपल्याला मिळणारा लाभ दोन गोष्टींत आहे: तो जवळजवळ सपाट असतो, आणि त्याच्या कडेने गल्ल्यांचे छेद फार कमी येतात.

पहिले काम पायी करायचे आहे. उपग्रह नकाशा घरी बसून पाहता येतो, परंतु संरक्षक भिंतीला कुठे खिंडार पडले आहे, हे त्यात दिसत नाही, आणि ही खिंडारेच आपल्या आराखड्याचा पाया आहेत. जिथे माणसांनी भिंत फोडली आहे, तिथे त्यांना पलीकडे जायचे आहे आणि जवळ दुसरा मार्ग नाही. अशा प्रत्येक जागेची नोंद घ्यावी: जवळचा पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग किती मीटरवर आहे, ओलांडणारे कोण आहेत, कोणत्या वेळी गर्दी होते. ही पाहणी पूर्णपणे कुंपणाबाहेरून करावी. खिंडारातून आत डोकावूनही छायाचित्र घेऊ नये. आमच्या गटातील काही तरुण उत्साहाच्या भरात आत गेले होते आणि त्यांना परत बोलावताना आमचा जीव टांगणीला लागला होता. एका सकाळी दोन स्थानकांमधील अंतर एवढेच चालावे, कारण त्याहून जास्त चालल्यास नोंदी घाईत होतात. हीच चाल एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैमध्ये करावी. सावली कुठे नाही हे पहिल्या चालीत कळते, आणि पाणी कुठे साचते हे दुसऱ्या.

त्यानंतर मोजणी. कामाचा एक दिवस आणि एक रविवार निवडून सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, निवडलेल्या जागांवरून जाणाऱ्यांची नोंद करावी. पायी चालणारे, सायकलस्वार, हातगाडीवाले, शाळेची मुले, काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे आणि स्त्रिया यांचे रकाने वेगळे असावेत. रात्री आठनंतर स्त्रियांची संख्या एकाएकी गळत असेल, तर ती जागा लोकांना असुरक्षित वाटते, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पुढे कोणत्याही कार्यालयात गेलात की हाच तक्ता सर्वांत आधी उपयोगी पडतो.

आता सर्वांत वेळखाऊ प्रश्न, तो म्हणजे जागा कोणाची. नवी मुंबईतील उपनगरी रेल्वे सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) आणि रेल्वे यांनी ६७ आणि ३३ टक्के अशा खर्चवाटणीने उभारली, त्यामुळे स्थानकाची इमारत, तिच्यापुढचे आवार आणि रुळांची पट्टी यांचे हक्क एकाच नकाशावर सरळ रेषेत सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यात भर म्हणून ठाणे–बेलापूर रस्त्याच्या बाजूची जमीन, एमआयडीसीचे भूखंड, उच्चदाब वाहिन्यांखालील मोकळे पट्टे, नाल्यांचे काठ आणि गावठाणांच्या कडा या सगळ्यांचे धनी निरनिराळे आहेत. म्हणून विकास आराखड्याची प्रत, गाव नकाशा, सातबारा उतारे आणि मिळकत पत्रिका एकत्र करून दर शंभर मीटरला एक ओळ असा तक्ता तयार करावा: जागेचा मालक, सध्याचा वापर, उपलब्ध रुंदी, अडथळा. जी माहिती सहज मिळत नाही ती माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली मागावी. दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. प्रश्न मोघम विचारू नये. ‘रेल्वेलगतच्या जमिनीची माहिती द्यावी’ असे लिहिले की उत्तरही तसेच येते. त्याऐवजी अमुक स्थानक ते अमुक स्थानक या पट्ट्यातील हद्द दर्शवणाऱ्या नकाशाची साक्षांकित प्रत मागावी.

गावठाणांपाशी अधिक काळजी हवी. हे शहर ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर उभे राहिले, त्यांना साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भाग परत देण्याच्या) भूखंडांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले आहेत. घणसोली, तळवली किंवा गोठिवलीतील माणसाला कोणी हातात नकाशा घेऊन ‘इथून वाट जाणार आहे’ असे सांगितले, तर त्याच्या मनात आधी शंका येणारच, आणि ती शंका अनुभवातून आलेली आहे. म्हणून रेषा पक्की करण्याआधी गावात बैठक घ्यावी, गावकऱ्यांनाच कोरा नकाशा द्यावा, आणि देवळाकडे, स्मशानाकडे, तलावाकडे, शाळेकडे जाणाऱ्या त्यांच्या जुन्या वाटा त्यावर त्यांच्याकडून रेखाटून घ्याव्यात. यांतील काही वाटा रेल्वे आल्यावर तुटल्या. त्या पुन्हा जोडल्या जाणार असतील, तर गाव या कामाकडे आपले काम म्हणून पाहील.

रेल्वेशी बोलताना एक गोष्ट आधीच गृहीत धरावी: तिला भविष्यातील रुळांसाठी जागा राखायची असते. ऐरोली–कळवा उन्नत मार्ग हे याच पट्ट्यातील उदाहरण आहे. दिघा गाव स्थानक त्याच प्रकल्पाचा पहिला टप्पा होते. म्हणून शक्यतो वाट रेल्वेच्या हद्दीबाहेर महापालिका, सिडको किंवा एमआयडीसीच्या जागेतून न्यावी, आणि जिथे नाला किंवा पूल यामुळे इलाजच नाही तिथेच मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे मर्यादित वापराच्या परवानगीसाठी अर्ज करावा. रेल्वेच्या भाषेत याला ‘वे लीव्ह’ म्हणतात. अर्जात वाटेपासून जवळच्या रुळाच्या मध्यापर्यंतचे अंतर, कुंपणाची उंची, रुळांच्या देखभालीसाठी गाडी आत येण्याची जागा आणि पाण्याचा निचरा या चार गोष्टी रेखाटून दाखवाव्यात. अंतर किती हवे याबाबत रेल्वेचा निर्णय अंतिम असतो. त्यावर वाद घालण्यात वर्ष घालवण्यापेक्षा वाट दोन मीटर सरकवलेली बरी.

रुंदीचा हिशेब साधा आहे. दोन्ही दिशांच्या सायकलींसाठी तीन मीटर, चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर, जो आपल्याकडील रस्ते मानकांतही पदपथाच्या अडथळामुक्त रुंदीचा किमान आकडा आहे, आणि दोन्ही कडांना सुमारे अर्धा मीटर मोकळी जागा, असे मिळून सहा मीटरच्या आसपास होतात. दहा किलोमीटरसाठी ही जागा सहा हेक्टर भरते. एवढी रुंदी सलग मिळणार नाही. चिंचोळ्या भागात चार मीटरची सामायिक वाट चालेल, पण तिथे सायकलचा वेग कमी होईल अशी वळणे आणि खुणा हव्यात, कारण ताशी चार-पाच किलोमीटरने चालणारी आजी आणि ताशी वीसने येणारा सायकलस्वार यांना एकाच पट्टीत सोडणे धोक्याचे आहे.

रूळ ओलांडण्याच्या जागांवर खरा खर्च आणि खरी बुद्धी लागते. विद्युतवाहिनीमुळे पादचारी पुलाचा तळ रुळांपासून साडेसहा-सात मीटर उंच न्यावा लागतो. सायकल न दमता चढवायची तर १:२० चा चढ (वीस मीटर लांबीत एक मीटर उंची) हवा, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १४० मीटरचा उतार. चाकाच्या खुर्चीसाठी चालणारा १:१२ चा चढ घेतला तरी ८४ मीटर. भुयारी मार्गाला साडेतीन मीटर खोली पुरते, त्यामुळे १:२० ने ७० मीटरमध्ये काम भागते, आणि लोक वर चढण्यापेक्षा खाली उतरणे पसंत करतात. परंतु नवी मुंबईत जमीन सखल आहे. पारसिकच्या डोंगरावरून येणारे नाले रुळांखालच्या मोऱ्यांतून खाडीकडे जातात, आणि मुसळधार पाऊस व भरती एका वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. म्हणून नाल्याकाठचा भुयारी मार्ग सुचवताना पंप, पातळी दाखवणारी पट्टी आणि बंद करण्याचे फाटक यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी. जिथे जुना पूलच वापरायचा आहे तिथे जिन्याच्या कडेला सायकलचे चाक बसेल अशी पन्हळ बसवून घ्यावी. हे काम स्वस्त आहे आणि लगेच उपयोगी पडते. वाट ठाणे–बेलापूर रस्त्यापलीकडेही सुरक्षित उतरली पाहिजे, कारण रूळ ओलांडून भरधाव कंटेनरसमोर उभे राहावे लागले, तर कामगाराला त्या पुलाचा काही उपयोग नाही.

पृष्ठभागासाठी पेव्हर ब्लॉक टाळावेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि खालची वाळू वाहून गेली की ते डुगडुगतात. अशाच एका पदपथावर माझ्या डोळ्यांदेखत एक वयस्क सायकलस्वार घसरून पडले होते, तेव्हापासून या मुद्द्यावर मी कधीही तडजोड करत नाही. सायकलसाठी डांबरी किंवा खरखरीत काँक्रीट, चालण्यासाठी जमल्यास पाणी मुरू देणारा थर, आणि दोहोंना बाजूच्या गटाराकडे हलका उतार द्यावा. झाडे देशी लावावीत. करंज, ताम्हण, बहावा आणि कांचन इथल्या हवेत तगतात; मात्र रुळांच्या बाजूला झुडपेच ठेवावीत, म्हणजे फांदी वाहिनीवर पडणार नाही. अस्तित्वातील झाड तोडावे लागत असेल, तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्यापेक्षा वाटेला वळण देणे बहुतेक वेळा सोपे असते.

सलग उंच भिंतीपेक्षा जाळीदार कुंपणाचा आग्रह धरावा. दोन्ही बाजूंनी भिंत असलेल्या वाटेवर रात्री कोणी एकटे जाणार नाही, दिवे कितीही लावले तरी. दर तीन-चारशे मीटरला वस्तीकडे बाहेर पडण्याची जागा असावी. प्रवेशावर दीड मीटर अंतराने खांब लावले तर टेम्पो आणि मोटारी थांबतात, मोटारसायकली थांबत नाहीत. त्यांना अडवण्यासाठी नागमोडी अडथळे लावले की चाकाची खुर्चीच अडते. म्हणून खांब ठेवावेत आणि मोटारसायकलींसाठी वाहतूक पोलिसांची कारवाई पहिल्या आठवड्यापासून मागावी.

खाडीच्या दिशेने फाटे काढण्याचा मोह होईल. तिथे तिवरे आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरांच्या क्षेत्राभोवती पन्नास मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. सार्वजनिक कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे आणि तो सांभाळणे आपलेच काम आहे. त्यामुळे पहिल्या टप्प्यात खाडीकडे जाऊ नये. याच कारणाने उरणच्या रेल्वेमार्गाऐवजी मी ट्रान्स-हार्बरची निवड सुचवतो.

पहिला टप्पा घणसोली ते कोपरखैरणे असा दोन स्थानकांपुरता असावा आणि दोन्ही टोके स्थानकाच्या दारात उघडावीत. ठाण्याच्या बाजूला खाडी आणि कळवा ओलांडणे अवघड आहे, ते शेवटी ठेवावे. विकास आराखड्यात बदल लागत असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा मार्ग आहे, आणि त्यात हरकती-सूचना मागवल्या जातात. तेव्हा आपला मोजणीचा तक्ता पुन्हा सादर करावा. निविदेत दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे) किमान दोन पावसाळे झाकेल असा मागावा, आणि दिवे, झाडे, गटार व सफाई यांसाठी महापालिकेचा एकच जबाबदार अधिकारी नेमून त्याच्या कार्यालयाचा क्रमांक प्रवेशावरच्या फलकावर लिहून घ्यावा. वाट खुली झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळांत, त्याच रकान्यांची मोजणी पुन्हा करावी, आणि पहिल्या पाहणीतील प्रत्येक खिंडारापाशी जाऊन तिथून अजून कोण ओलांडते ते पाहावे. जिथून लोक अजूनही रुळांवर उतरत असतील, ती जागा दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावात पहिल्या क्रमांकावर लिहावी.