गाडी घेताना नुसता हप्ता पाहू नका: या चुका टाळा

शोरूममध्ये पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "महिन्याला किती हप्ता जमेल?" याचं उत्तर देण्याची घाई करू नका. आकडा एकदा तोंडातून गेला की सगळा व्यवहार त्यात बसवला जातो, आणि बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुदत वाढवणं.

समजा, १ लाखाचं कर्ज आहे आणि घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, १० टक्के व्याज. तीन वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ३,२२७ आणि एकूण व्याज १६,१६२. सात वर्षं घेतली तर हप्ता १,६६० वर येतो, पण व्याज जातं ३९,४५० वर. हप्ता निम्मा, व्याज जवळजवळ अडीचपट.

लांब मुदतीचा खरा फटका मधेच गाडी विकावी लागली की कळतो. डाउन पेमेंट न करता सात वर्षांचं हे कर्ज घेतलं, तर दोन वर्षांनंतरही ७८ हजार बाकी असतात. नवी गाडी पहिल्या वर्षी २० टक्के आणि दुसऱ्या वर्षी १५ टक्के उतरली, तर तिची किंमत उरते ६८ हजार. म्हणजे गाडी विकूनही १० हजार पदरचे भरायचे. इथे लोक आणखी एक चूक करतात: ही बाकी नव्या गाडीच्या कर्जात मिसळून घेतात. तसं करू नका. जुनी गाडी ठेवा, जमेल तेव्हा मुद्दलात जादा रक्कम भरा, आणि त्यामुळे हप्ता नव्हे तर मुदत कमी होईल असं लेखी मागा. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, तेही आधी वाचा.

व्याजदर सांगितला की तो फ्लॅट (म्हणजे संपूर्ण मुदतभर मूळ कर्जाच्या पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकीवर, हे विचाराच. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर सुमारे साडेबारा टक्के. ऐकायला ७ कमी वाटतं, म्हणून तोच आकडा पुढे केला जातो.

लीजचा, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी गाडी भाड्याने घेण्याच्या कराराचा, हप्ता कर्जापेक्षा कमी दिसतो, कारण त्यात तुम्ही पूर्ण गाडीचे नाही, तर करारकाळात तिची जेवढी किंमत उतरेल तेवढ्याचेच पैसे आणि वर व्याज भरता. शेवटी हातात गाडी नसते. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला आणि ठरावीकच फिरणाऱ्याला हे परवडू शकतं. दहा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने मात्र लीजच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लीजमध्ये सुरुवातीला मोठी रक्कम भरणं हीसुद्धा चूकच. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज देणाऱ्याला मिळतात. तुमची आगाऊ रक्कम बहुधा बुडते.

लीजच्या करारात ठरलेली किलोमीटरची मर्यादा ओलांडली जाणार असं दिसलं, तर शेवटपर्यंत थांबू नका. करारात सोय असेल तर जादा किलोमीटर आधीच घ्या, ते सहसा स्वस्त पडतात. करार संपताना ठरलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याचा हक्क असेल, तर तोही पर्याय तपासा. तसं केल्यास जादा किलोमीटरचा आकार बहुतेक वेळा लागत नाही.

जुन्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीशी ताडून "आता काढून टाकू" म्हणणं ही मला सगळ्यांत महागडी चूक वाटते. ते बिल नव्या गाडीच्या वर्षभराच्या खर्चाशी ताडा: हप्ते, वाढलेला विमा, आणि पहिल्याच वर्षी उतरणारी किंमत. इंजिनचं मोठं काम निघालं तरी कित्येकदा जुनीच गाडी स्वस्त पडते. मागच्या वर्षी तिच्यावर काय खर्च केला, हे या हिशेबात धरायचं नाही. ते पैसे गेले. ब्रेक, स्टिअरिंग किंवा गंजलेली चासी यांमुळे गाडी चालवणंच धोक्याचं झालं असेल, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवा.