संगणक हाय-फायला जोडण्यापूर्वी करावयाची तयारी

संगणकातली गाणी हाय-फायवर, म्हणजे घरच्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकरवर, ऐकायची तर केबल आणायला दुकानात जाण्याआधी टॉर्च घेऊन ॲम्प्लिफायरच्या मागे वाकावे आणि तेथे कोणकोणती सॉकेट आहेत ती कागदावर उतरवून घ्यावीत. जुन्या ॲम्प्लिफायरवर असतात तशा केवळ लाल-पांढऱ्या आरसीए जोड्या दिसल्या, तर डिजिटल सिग्नलचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा स्वतंत्र डॅक घ्यावा लागेल. ‘ऑप्टिकल’ किंवा ‘कोॲक्शियल’ असे लिहिलेले, म्हणजे थेट डिजिटल सिग्नल घेणारे, इनपुट असेल, तर डॅक ॲम्प्लिफायरच्या आतच आहे आणि तूर्त तो खर्च वाचतो. ऑक्स, सीडी, ट्यूनर यांपैकी कोणतीही रिकामी जोडी चालते. ‘फोनो’ची जोडी मात्र वापरू नये. ती रेकॉर्ड प्लेयरच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असते, डॅकमधून साधारण २ व्होल्ट येतात, आणि त्यातच ती खालचे स्वर मुद्दाम वाढवत असल्याने आवाज फाटून बाहेर पडतो.

आता संगणकाकडे पाहावे. यूएसबी सर्वत्र असते. काही डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मागे ऑप्टिकल सॉकेट असते, पण त्यावरचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. चालू असताना आत लाल उजेड दिसतो. विंडोज जुने असेल तर एक गोष्ट तपासावी. यूएसबी ऑडिओच्या, म्हणजे यूएसबीतून ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या पिढीची मजल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत असते; ध्वनी किती बारकाईने नोंदवला आहे ते हे आकडे सांगतात. त्यापुढच्या दुसऱ्या पिढीचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ साली आला. त्याआधीच्या विंडोजवर डॅक बनवणाऱ्याचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागतो. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचीच असते, तेव्हा मोठ्या आकड्यांपायी जादा पैसे मोजण्यापूर्वी आपण ऐकतो काय, हे स्वतःला विचारावे.

अंतर मोजताना भिंतीच्या कडेने सुतळी लावावी, हवेतून अंदाज करू नये. आमच्या नौपाड्यातल्या घरात संगणक आतल्या खोलीत आणि हाय-फाय हॉलमध्ये आहे. डोळ्यांना ३ मीटर वाटणारे अंतर दाराची चौकट वळसा घालून पार करताना ६ मीटरच्या वर गेले. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे नेण्याचे मनात आणू नये. ऑप्टिकल केबल प्लॅस्टिकच्या तंतूची असते. ती दारात चिरडली किंवा कोपऱ्यात घट्ट दुमडली की प्रकाश अडतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर इवल्या पारदर्शक टोप्या असतात. त्या काढायला विसरून केबलच खराब ठरवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत मीही होतो. कोॲक्शियलसाठी ७५ ओहमची केबल हवी; जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर आलेली पिवळी व्हिडिओ केबल बहुधा त्याच जातीची असते, तेव्हा माळा शोधून पाहावा.

खरी खबरदारी घ्यायची ती विजेच्या बाबतीत. जोडणी झाली, गाणे लागले, आणि गाणे थांबताच स्पीकरमधून एकसुरी गुणगुण ऐकू आली, तर दोष डिजिटल सिग्नलचा नसतो; दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी एकमेकांना मिळून तयार झालेल्या चक्राचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर लागते. घरात पेटी असेल तर सूर जुळवून खात्री करून घेता येते. माझ्याकडे डॅक यूएसबीने संगणकाला आणि टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला होता. मी महागडी यूएसबी केबल आणली, गुणगुण तशीच. वायरमन बोलावून स्विचबोर्ड उघडवला, तरीही तशीच. शेवटी केबलवाल्याची तार सेट-टॉप बॉक्समधून उपसली आणि हॉल एकदम शांत झाला. इमारतीवरून येणारी ती तार स्वतःची वेगळी अर्थिंग घेऊन घरात शिरत होती.

म्हणून डॅक आणण्यापूर्वीच, फक्त ॲम्प्लिफायर चालू ठेवून, एकेक तार काढत आणि लावत गुणगुण कोठून येते ते पाहावे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. आवाज गेला तर चोर सापडला. संगणक, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्याने बऱ्याचदा काम भागते. न भागल्यास ऑप्टिकल केबल वापरावी, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, आणि चक्र तेथेच तुटते. तिसरी पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ती पिन जिवासाठी असते. इकडे पावसाळ्यात आरसीएच्या टोकांवर काळपट थर धरतो, तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसूनच केबल लावावी.

संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून डॅक निवडावा, संगणकाचा आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरूनच करावे; सॉफ्टवेअरमध्ये आवाज फार खाली आणला तर १६ बिटच्या रेकॉर्डिंगमधले बारकावे हरवू शकतात. आणि पूर्ण आवाज ठेवायचा म्हणूनच ईमेलचे, संदेशांचे टिंगटिंग आधी बंद करावे. पहिल्यांदा ॲम्प्लिफायरची बटणे शून्यावर आणून, नुसत्या तानपुऱ्याचे एखादे रेकॉर्डिंग लावून आवाज हळूहळू चढवावा, आणि ते थांबवल्यावर मागे काय उरते ते कान देऊन ऐकावे. मग ‘ऑक्स म्हणजे संगणक, ट्यूनर म्हणजे टीव्ही’ अशी चिठ्ठी ॲम्प्लिफायरवर चिकटवावी. आपण ऑफिसला गेल्यावर मालिका लावणाऱ्यांचा फोन येत नाही.