कोकणातून कॉमिक्स काढताय? या चुका टाळा

छापून आलेलं कॉमिक्स बिघडलं की आधी छापखान्याच्या नावाने खडे फोडले जातात. दोष मात्र बहुधा त्याआधीच, लेखकाच्या टेबलावर शिरलेला असतो.

एका चौकटीत तीन क्रिया

‘बाबल्या होडीतून उतरतो, धावत घरी येतो आणि दार ठोठावतो’ या तीन चौकटी झाल्या. एकीत कोंबल्या तर चित्रकार एकच क्षण निवडतो, बाकीचे गळतात. पानाला पाच-सहा चौकटी आणि संवादाच्या फुग्यात वीस-पंचवीस शब्द पुरेत. आधी बोलणारं पात्र डावीकडे हवं. हे संहितेत लिहिलं नाही तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. धक्का देणारं चित्र सम क्रमांकाच्या पानावर ठेवा. ते पान उलटल्यावरच दिसतं. विषम पानावरचं चित्र वाचकाच्या नजरेला आधीच पडतं.

‘किनाऱ्यावरचं गाव’ एवढंच लिहिणं

चित्रकार बाहेरचा असेल तर त्याच्या चित्रात मालवणात सूर्य समुद्रातून उगवतो आणि ट्रॉलर जूनअखेरीला मासेमारीला निघतो. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, हे त्याला कोण सांगणार? जांभ्याचे चिरे, उतरतं कौलारू छप्पर, उलांडीची (तोलासाठी बाजूला ओंडका बांधलेली) होडी असं नेमकं लिहा आणि फोटो जोडा.

चित्र झाल्यावर अक्षरं

सर्वांत महाग चूक हीच. फुग्याला जागाच उरत नाही, मग अक्षर बारीक होतं किंवा पात्राचं डोकं झाकलं जातं. कच्च्या रेखाटनावरच मजकूर टाकून पाहा आणि चौकटीचा वरचा तिसरा भाग मोकळा ठेवायला सांगा.

देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. सॉफ्टवेअर ओळींमध्ये आपसूक जेवढं अंतर देतं, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. ९ पॉइंट अक्षराला १२ ते १३ पॉइंटांचं अंतर द्या.

‘कि’ची वेलांटी ‘क’च्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर फॉन्ट बदलत बसू नका. फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलाय का ते आधी पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा होतो. म्हणून छपाईच्या फाइलमध्ये अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे त्यांचं चित्राकारांत रूपांतर करा, आणि मूळ फाइल वेगळी जपा. मालवणी संवाद असतील तर शब्दयादी करा. एका पानावर ‘खंय’ आणि पुढे ‘खय’ दिसलं की मालवणी वाचक तिथेच अडखळतो.

छपाईची फाइल

पिन बाइंडिंगला पानांची संख्या ४ च्या पटीत लागते: २४, ३२, ४०. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिमी जादा चित्र, आणि मजकूर कडेपासून किमान ६ मिमी आत. रंगीत चित्र ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), नुसतं रेषाचित्र ६००. संवादांच्या अक्षरांभोवती लाल-निळी झालर दिसली तर काळा रंग छपाईच्या चारही शाईंतून (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) बनलाय असं समजा. मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के ठेवा.

लेखी करार नसणं

मैत्रीत हे राहूनच जातं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सही केलेला लेखी कागद लागतो. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. भाषांतराचे हक्क कुणाकडे, तेही त्यातच लिहा.

गणपतीसाठी श्रावणात छपाई

चाकरमानी येतात तेव्हा विक्री चांगली, हा हिशेब बरोबर. पण ऐन पावसाळ्यात छापलं की दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो आणि घाईने गठ्ठे रचले तर एका पानाची शाई दुसऱ्याला लागते. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं. उघडी आतली बाजू ओल शोषून फुगते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. कव्हर २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचं) घ्या, कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायला सांगा. धागा ओळखायला तुकडा फाडून बघा: धाग्याच्या दिशेने तो सरळ फाटतो.

शक्य असेल तर एप्रिल-मेमध्येच छापून घ्या. २५-२५ प्रतींचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर रचा. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि टेकलेल्या गठ्ठ्याला बुरशी धरते.